गिझरची कॉइल वारंवार जळते? बोअरच्या कठीण पाण्याचा माग आणि त्यावरचे उपाय

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीतील आमच्या घरी चार वर्षांत गिझरच्या तीन कॉइल जळाल्या. दर वेळी क्रम ठरलेला असे. आधी पाणी तापायला नेहमीपेक्षा अधिक वेळ लागू लागे, मग टाकीतून खडखड आणि गुरगुर ऐकू येई, शॉवरची निम्मी छिद्रे बुजून धारा वाकड्यातिकड्या उडत आणि एखाद्या सकाळी न्हाणीघरात थंडगार पाणी हाती येई. आम्ही कॉइल बदलली, शॉवर सुईने टोचून मोकळा केला आणि विषय संपला असे मानले. तिसऱ्या खेपेस आलेल्या वायरमनने मात्र जुनी कॉइल वर्तमानपत्रावर ठेवली, आईला हाक मारली आणि म्हणाला, "काकू, कॉइल चांगलीच होती ओ. तुमच्या बोअरच्या पाण्यानं खाल्ली तिला."

पेन्सिलीएवढ्या जाडीची ती तांब्याची नळी अंगठ्याएवढी झाली होती. तिच्यावर पिवळसर पांढरे कवच चढले होते. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकल्यावर कवचाचे तुकडे चिनी मातीच्या कपासारखा आवाज करीत गळून पडले आणि तुटलेल्या कडेला कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकावर एक बारीक थर दिसले. टाकीच्या तळातून याच जातीचा ओला, खवल्यांसारखा गाळ अर्धी बादली निघाला. एका तुकड्यावर मी लिंबू पिळले, तेव्हा त्यातून बारीक बुडबुडे उसळले. आम्लाशी अशी गाठ पडताच फसफसणारा हा पदार्थ म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अर्थात शेतात सापडणाऱ्या चुनखडीचाच भाऊबंद.

त्या दिवसापासून एक गोष्ट मी प्रत्येकाला ठामपणे सांगतो. कॉइल बदलणे आणि शॉवर घासणे ही केवळ डागडुजी आहे. पाणी किती कठीण आहे हे मोजले नाही आणि तापणाऱ्या पाण्याची वाट वेगळी केली नाही, तर ही तक्रार पुन्हा दारात येऊन उभी राहते.

खूण कशी पटवावी

आपल्याकडे कठीण पाण्याला जड पाणी, क्षाराचे पाणी किंवा नुसतेच बोअरचे पाणी म्हणतात. त्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते त्याचे परिणाम. साबणाचा फेस होत नाही आणि त्याऐवजी अंगावर व बादलीच्या कडेला चिकट, राखाडी साय जमते. ती साय म्हणजे कॅल्शियमशी बांधला जाऊन वाया गेलेला साबण असतो. टॉवेल वाळल्यावर पापडासारखा ताठ होतो. चहावर पातळ, तपकिरी पापुद्रा धरतो आणि कप हलवला की तो भेगाळतो. तूरडाळ कुकरच्या नेहमीच्या शिट्ट्यांत गळत नाही, कारण डाळीच्या पेशी एकत्र धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम आणखी घट्ट करते. माझी बहीण लग्नानंतर अथणीला गेली, तेव्हा पहिले सहा महिने ती डाळ विकणाऱ्या दुकानदारालाच दोष देत होती.

येथे दोन गल्लती टाळाव्यात. रात्रभर बादलीत ठेवलेले पाणी सकाळी पिवळट किंवा तांबूस दिसले, तर तो लोहाचा प्रश्न आहे आणि त्याचा उपाय वेगळा आहे. पाणी जिभेला स्पष्ट खारट लागत असेल, तर त्यात क्लोराइडचे प्रमाण अधिक असते आणि असे पाणी कठीण असेलच असे नाही. आपल्या घरी यांपैकी एकच दोष आहे की तिन्ही एकत्र आहेत हे ठरल्याशिवाय यंत्रावर पैसे घालू नयेत.

आपल्याच भागात एवढा फरक का

पावसाचे पाणी मूळचे मऊ असते. जमिनीतून झिरपताना ते मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि वाटेत भेटणाऱ्या खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून घेते. ते खडकाच्या भेगांत जितका काळ मुरते, तितके कठीण होते. बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेकडे, खानापूर आणि कणकुंबीच्या बाजूला पाऊस भरपूर असतो, माती तांबडी असते आणि वर जांभा दगड असतो. या जांभ्यातील बहुतेक चुना पावसाने युगानुयुगे धुऊन नेलेला आहे, म्हणून तिथल्या उथळ विहिरींच्या पाण्यात साबणाचा फेस हात धुताना आवरत नाही. निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी असे पूर्वेकडे सरकत जावे तसा पाऊस घटतो, काळा कातळ आणि काळी माती सुरू होते, शेतात पांढऱ्या चुनखडीचे खडे दिसू लागतात आणि पाण्याची जात बदलते. गोकाकच्या दिशेला खडकाचा प्रकार आणखी निराळा होतो. म्हणून खानापूरच्या पाहुण्याने सुचवलेला उपाय अथणीच्या घरी जसाच्या तसा लागू पडेल अशी अपेक्षा ठेवू नये.

नळाचे पाणी आणि बोअरचे पाणी यांतही असाच फरक असतो. बेळगाव शहराला मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशयाचे आणि घटप्रभेवरील हिडकल धरणाचे पाणी मिळते. ते जमिनीच्या पोटात फारसे न मुरता आलेले पाणी असल्याने तुलनेने मऊ असते. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून लोक बोअर मारतात, दोन्ही पाणी एकाच संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, सोडतात आणि मग गिझर कोणत्या पाण्याने बिघडला हे कोणालाच सांगता येत नाही. आमच्याकडेही नेमके हेच होत होते.

मोजणी: सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम

पहिली चाचणी बिनपैशाची आहे. एक लिटरच्या दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्याव्यात, एकीत अर्ध्यापर्यंत बोअरचे पाणी आणि दुसरीत तितकेच पावसाचे किंवा बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध पाणी भरावे. दोन्हींत साध्या अंगाच्या साबणाचा नखाएवढा किस टाकून वीस वेळा हलवावे. शुद्ध पाण्याच्या बाटलीत दाट फेस उभा राहील. कठीण पाण्यात थोडे बुडबुडे येऊन विरतील आणि खाली दुधट पाणी उरेल. येथे डिटर्जंट वापरू नये, कारण तो कठीण पाण्यातही फेस देतो आणि चाचणी फसते.

आकडा हवा असेल, तर थेंबांचे किट घ्यावे. ठरावीक मापाचे पाणी छोट्या बाटलीत घेऊन त्यात दर्शक, म्हणजे रंग दाखवणारे रसायन, टाकला की पाणी द्राक्षाच्या रसासारखे लालसर जांभळे होते. मग दुसऱ्या कुपीतील द्रावणाचा एकेक थेंब टाकत बाटली हलवत राहायचे. रंग बराच वेळ ढिम्म हलत नाही आणि मग एका थेंबासरशी संपूर्ण बाटली निळी होते. आमच्या किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरला 25 मिलिग्रॅम कठीणपणा. नळाचे पाणी चौथ्या थेंबाला निळे झाले, म्हणजे 100. बोअरच्या पाण्याला वीस थेंब लागले, म्हणजे 500. भारतीय मानक 10500 च्या 2012 सालच्या आवृत्तीप्रमाणे पिण्याच्या पाण्यात 200 मिलिग्रॅमपर्यंतचा कठीणपणा स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेता येतो. आमचे पाणी पिण्यासाठी नियमात बसत होते; गिझरसाठी मात्र ते घातक होते. हा भेद लक्षात ठेवावा, कारण घाबरवून यंत्रे विकणारे तो जाणूनबुजून पुसतात.

त्यानंतर मी आणखी एक छोटा प्रयोग केला आणि सर्वांत उपयोगी माहिती त्यातूनच मिळाली. एक लिटर बोअरचे पाणी पंधरा मिनिटे उकळले, थंड केले, स्वच्छ फडक्यातून गाळले, वाफेने घटलेले माप शुद्ध पाण्याने भरून काढले आणि पुन्हा थेंब मोजले. आता नऊ थेंबांतच रंग निळा झाला. उकळल्याने जो कठीणपणा गेला तो बायकार्बोनेटचा, म्हणजे तात्पुरता, आणि जो उरला तो सल्फेट-क्लोराइडचा, म्हणजे कायमचा. गिझरमध्ये थर धरतो तो मुख्यतः पहिला. आमच्या पाण्यात लिटरमागे 275 मिलिग्रॅम असा कठीणपणा होता. घरात रोज 100 लिटर पाणी तापते असे धरले, तर वर्षाला सुमारे 10 किलो चुना गिझरमधून जातो, आणि त्यातला दहावा हिस्सा जरी आत राहिला तरी तो एक किलो भरतो. अर्ध्या बादलीचे कोडे तिथे सुटले.

प्रयोगशाळेतून तपासणी करायची असेल, तर पंप दहा मिनिटे चालू ठेवून मगच नमुना घ्यावा, बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळावी आणि नमुना कोणत्याही फिल्टरच्या आधीचा असावा. जलजीवन मिशननंतर अनेक ग्रामपंचायतींकडे तपासणीचे किट आले आहे; गावात राहणाऱ्यांनी तिथे आधी विचारावे. अहवाल बहुधा कन्नडमध्ये मिळतो. त्यात 'गडसुतन' हा शब्द शोधावा, तोच आपला कठीणपणा. त्याच अहवालात फ्लोराइड आणि नायट्रेटचे आकडेही अवश्य पाहावेत. फ्लोराइड 1.5 मिलिग्रॅमपेक्षा किंवा नायट्रेट 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असेल, तर तो प्रकृतीचा प्रश्न आहे आणि कॉइलच्या आधी तो सोडवायला हवा. कठीणपणासाठी मात्र जागतिक आरोग्य संघटनेने प्रकृतीच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही.

टीडीएस मीटरविषयी सावध राहावे. पेनासारखे ते यंत्र पाण्यातील सर्व विरघळलेल्या क्षारांचा एकत्रित अंदाज देते. त्यांत मीठ किती आणि चुना किती हे त्याला कळत नाही. आमच्याकडे आलेल्या एका विक्रेत्याने तर पाण्यात दोन धातूंच्या कांड्या बुडवून वीज सोडली आणि काही क्षणांत पेला तपकिरी, गढूळ झाला. आईचा चेहरा उतरला. वास्तविक तो रंग विजेमुळे झिजणाऱ्या लोखंडी कांडीचा असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि कांडी झिजते, आर.ओ.च्या, म्हणजे बारीक पडद्यातून गाळून क्षार काढणाऱ्या यंत्राच्या, पाण्यात क्षार नगण्य असल्याने ती झिजत नाही, म्हणून ते पाणी स्वच्छ दिसते. चांगल्या विहिरीचे पाणीही या प्रयोगात तपकिरीच होईल. असा प्रयोग दाखवून कोणी यंत्र विकत असेल, तर त्याला नम्रपणे दारातूनच निरोप द्यावा.

आधी गिझर आणि सोलर वाचवावेत

कॅल्शियम कार्बोनेटचा स्वभाव साखर-मिठाच्या उलट आहे. पाणी तापेल तसे ते कमी विरघळते आणि जिथे सर्वाधिक उष्णता असते तिथेच, म्हणजे कॉइलवर, जाऊन बसते. एकदा थर बसला की उष्णता पाण्यात उतरत नाही, कॉइल आतल्या आत तापत राहते आणि जळते. थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ती फुटते, तोच तो खडखडाट. हा आवाज सुरू झाल्यावरही गिझर तसाच वापरत राहणे म्हणजे कॉइलचा निकाल लावणेच होय.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे तापमान. आमच्या गिझरचा काटा कायम शेवटच्या टोकाला असे आणि मग आम्ही त्यात बादलीभर थंड पाणी मिसळत असू. साठ अंशांच्या पुढे चुना फार झपाट्याने बसतो. काटा 55 अंशांच्या आसपास आणला, तर आंघोळीच्या सुखात काही उणे येत नाही आणि थराचा वेग मंदावतो.

साफसफाई वर्षातून एकदा, आणि पाणी 400 च्या वर असेल तर सहा महिन्यांनी, करावी. हे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे, पण ते कसे व्हायला हवे हे आपल्याला ठाऊक असावे. भिंतीवरील बटण बंद करणे पुरेसे नाही, एमसीबी, म्हणजे विजेच्या पेटीतील खटका, खाली पाडावा. पाणी पूर्ण थंड होऊ द्यावे, आत येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करून टाकी रिकामी करावी आणि मगच झाकण उघडावे. कॉइलवरचा थर पेचकसाने खरवडू नये, कारण कॉइलच्या बाहेरच्या नळीला चीर गेली तर पाण्यात वीज उतरण्याचा धोका असतो. किराणा दुकानात लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, मिळते. त्याचे 100 ग्रॅम एक लिटर कोमट पाण्यात विरघळवून कॉइल तासाभरासाठी बुडवली की थर फसफसत मऊ पडतो आणि जुन्या दातघासणीने निघतो. विजेच्या जोडणीचे टोक त्या पाण्यात जाऊ देऊ नये. त्याच वेळी मॅग्नेशियमचा रॉड पाहावा. तो झिजून तारेएवढा उरला असेल तर बदलावा, कारण टाकीच्या पत्र्याऐवजी गंज आपल्यावर ओढवून घेण्यासाठीच तो बसवलेला असतो. रबरी वायसर नवा घालावा आणि गरम पाण्याच्या नळातून अखंड धार आल्यावरच वीज जोडावी. कोरड्या टाकीत कॉइल चालू झाली, तर ती काही क्षणांत जाते.

सोलरची गोष्ट थोडी वेगळी आहे. तांब्याच्या बारीक नळ्यांच्या सपाट पॅनेलमध्ये कठीण पाणी गेले की नळ्या आतून बुजतात आणि त्या मोकळ्या करणे अवघड असते. काचेच्या व्हॅक्यूम नळ्यांच्या सोलरमध्ये चुना नळीच्या तळाशी बसतो, पण नळी काढून धुता येते. बोअरवर सोलर बसवायचा असेल तर हा विचार खरेदीपूर्वीच करावा. आमच्या शेजाऱ्यांनी पाच वर्षे सोलरच्या टाकीचा तळचा कॉक एकदाही उघडला नव्हता. उघडला तेव्हा बराच वेळ त्यातून काही बाहेरच पडेना.

पाण्याची वाट वेगळी करणे

कठीणपणा खरोखर काढून टाकणारे घरगुती साधन म्हणजे सॉफ्टनर. त्याच्या टाकीत रेझिनचे, मोहरीहून बारीक मणी असतात. त्यांच्यावर सोडियम धरलेले असते. पाणी जाताना मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचे दाट पाणी सोडून त्यांना पुन्हा ताजे करावे लागते. एवढे समजले की पुढचे सगळे हिशेब आपोआप सुटतात.

बहुतेक लोक सॉफ्टनर संपूर्ण घरासाठी बसवतात, आणि माझ्या मते तिथेच चुकतात. रेझिन लिटरमागे साधारण 50 ग्रॅम कठीणपणा धरते, म्हणजे 25 लिटर रेझिनचा सॉफ्टनर सव्वा किलो. आमच्या 500 च्या पाण्यावर घराचे रोजचे 800 लिटर त्यातून नेले, तर दिवसाला 400 ग्रॅम कठीणपणा येतो आणि तिसऱ्या दिवशी मीठ घालण्याची वेळ येते. दर वेळी चार किलोप्रमाणे महिन्याला 40 किलो मीठ झाले. तेच फक्त गिझर, आंघोळ आणि वॉशिंग मशीनचे 200 लिटर नेले, तर बारा दिवस निघतात. आम्ही दहाव्या दिवशीच मीठ देतो आणि महिन्याला बारा किलोंत भागते. संडास, फरशी आणि अंगणातील झाडे यांना मऊ पाण्याची काहीही गरज नाही. गच्चीवर 300 लिटरची वेगळी छोटी टाकी ठेवून तिच्यातून गरम पाण्याची लाइन काढायला प्लंबरला एक दिवस लागला. नवे घर बांधणाऱ्यांनी तर पाइप भिंतीत बुजवण्यापूर्वीच ही दुसरी लाइन टाकून घ्यावी.

पिण्याचा नळ सॉफ्टनरमधून नेऊ नये. लिटरमागे एक मिलिग्रॅम कठीणपणा गेला की 0.46 मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येते. 500 च्या पाण्यात म्हणजे 230 मिलिग्रॅम. ज्यांच्या घरी रक्तदाबाचे रुग्ण आहेत त्यांनी हा आकडा विसरू नये. पिण्यासाठी नळाचे पाणी उपलब्ध असेल तर तेच गाळून, उकळून घ्यावे. तेही नसेल आणि बोअरच्या पाण्यासाठी आर.ओ. लागतच असेल, तर त्याच्या आधी सॉफ्टनरचे पाणी देता येते. त्याने पडदा चुन्याने बुजत नाही आणि वाढलेले सोडियमही आर.ओ.मध्ये बहुतांश निघून जाते. आर.ओ.चे टाकाऊ पाणी मूळ पाण्याहून अधिक क्षाराचे असते. ते संडासात ओतावे, तुळशीला घालू नये.

मीठ देऊन झाल्यावर बाहेर पडणाऱ्या पाण्याचाही विचार करावा. ते परसात किंवा उसाच्या सरीत सोडणे हा अपराध समजावा. काळ्या मातीत सोडियम साचले की तिचे कण विस्कटतात, पाणी मुरत नाही आणि जमीन चोपण पडते. कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांना चोपण जमीन म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. ते पाणी गटारातच जाऊ द्यावे, आणि म्हणूनही मीठ जितके कमी लागेल तितके बरे.

चुंबकाच्या पट्ट्या आणि पाइपला गुंडाळायची विजेची यंत्रे यांविषयी हमखास विचारणा होते. त्यांच्या आधीचे आणि नंतरचे पाणी थेंबांच्या किटने तपासले की थेंब तितकेच भरतात, कारण पाण्यातील कॅल्शियम ती काढत नाहीत. तुरटीचेही तसेच: ती गढूळपणा खाली बसवते, कठीणपणा घालवत नाही. गिझरच्या तोंडाशी बसवायचा पॉलिफॉस्फेटचा छोटा फिल्टर चुन्याला काही काळ चिकटू देत नाही आणि मध्यम कठीण पाण्यात तो कामाचा आहे. पण फार कठीण पाण्यात तो कमी पडतो आणि आतले खडे संपले की निव्वळ डबा उरतो.

स्वयंपाकघर आणि फरशी

डाळीला नळाचे पाणी राखून ठेवावे. नसेलच तर चिमूटभर खाण्याचा सोडा पुरतो, त्याहून अधिक घातला तर चव बिघडते. कपडे हाताने धुताना पाण्यात आधी धुण्याचा सोडा विरघळवावा आणि मग साबण लावावा. सोडा कॅल्शियमला आधीच बाजूला काढतो आणि साबण वाचतो. डोक्यावरून न्हाण्यासाठी रिठा-शिकेकाई कठीण पाण्यात साबणापेक्षा चांगली, कारण तिची चिकट साय होत नाही. तांब्याचा बंब आपल्या आज्या चिंचेने घासत, त्यामागेही आम्लाने चुना सुटण्याचेच तत्त्व होते.

मात्र एका बाबतीत मनापासून सावध करावेसे वाटते. आपल्याकडे ओट्याला कडप्पा आणि न्हाणीघराला शहाबादी फरशी सर्रास असते, आणि हे दोन्ही दगड स्वतःच चुनखडीचे आहेत. त्यांच्यावर लिंबूफूल, व्हिनेगर किंवा फरशीचे ॲसिड टाकले, तर डागाबरोबर दगडही विरघळतो, चकाकी जाते आणि ती परत येत नाही. आमच्या ओट्यावर नळाखाली वीतभर खरखरीत, करडा पट्टा आहे, तो अशाच एका दुपारचा. अशा फरशीवर पाणी वाळू न देणे हाच उपाय. रात्री झोपण्यापूर्वी रबरी वायपर फिरवला तर नवा डाग धरत नाही. शॉवरचे तोंड आणि नळाच्या चावीची जाळी काढून लिंबूफुलाच्या पाण्यात वेगळी भिजवावी. आणि कोणतेही आम्ल ब्लिचिंग पावडरजवळ वापरू नये. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि आपली न्हाणीघरे लहान व कोंदट असतात.

सॉफ्टनर बसवूनही थर परतला, तर

आमच्याकडे पाचव्या महिन्यात शॉवरवर पुन्हा पांढरे ठिपके दिसले. सॉफ्टनरच्या पुढच्या नळाचे पाणी तपासले, तर एका थेंबात निळे व्हायला हवे ते अकराव्या थेंबाला झाले. मीठ वेळेवर दिले होते, रेझिनही नवे होते. शेवटी पाइप हाताने चाचपत गेलो, तेव्हा बायपासचा कॉक अर्धा उघडा सापडला. टाकी धुताना कोणीतरी तो फिरवला होता आणि जवळजवळ निम्मे पाणी सॉफ्टनरला वळसा घालून जात होते. तेव्हा पहिला संशय कॉकवर घ्यावा. दुसरा संशय मिठावर. मातकट मिठाने रेझिनमध्ये चिखल बसतो, म्हणून मीठ स्वच्छ घ्यावे आणि द्रावण फडक्यातून गाळून सोडावे. ते अर्धा तास तरी सावकाश गेले पाहिजे, भडाभडा ओतले तर मणी ताजे होत नाहीत. तिसरा संशय लोहावर. मणी मूळच्या मधासारख्या रंगाचे न राहता विटकरी दिसू लागले असतील, तर सॉफ्टनरच्या आधी लोहाचा फिल्टर लागेल आणि रेझिनही एकदा स्वच्छ करून घ्यावे लागेल.

चौथे कारण ऋतू. दिवाळीनंतर मोजलेला आमचा आकडा 500 होता, तो मे महिन्यात 575 झाला, कारण बोअरची पातळी खाली गेली आणि खोलवर मुरलेले पाणी वर येऊ लागले. तेव्हापासून मार्च ते जून आम्ही दहाऐवजी आठव्या दिवशी मीठ देतो. जूनचा पहिला चांगला पाऊस झाला की गच्चीचे पाणी दोन पिंपांत धरतो: 100 चौरस मीटरच्या गच्चीवर 10 मिलिमीटर पाऊस पडला तर हजार लिटर पाणी उतरते. पहिल्या सरीचे पाणी सोडून द्यावे आणि नंतरचे जाळीतून घ्यावे. त्या दिवसांत वॉशिंग मशीन याच पाण्यावर चालते, आणि थेंबांच्या किटमध्ये ते पहिल्याच थेंबाला निळे होते.